जुन्या वास्तूंचे जतन : लोकांच्या हातांनी

नांदेडहून अर्धापूरमार्गे हिंगोलीकडे निघाले म्हणजे केळीच्या बागा मागे टाकीत रस्ता कळमनुरी तालुक्यात शिरतो आणि डोंगरकडा हे गाव लागते. ऊर्ध्व पैनगंगेच्या पाण्याने या परिसराचे रूप पालटले. शेती बदलली, तशी घरेही बदलली. गावठाणाबाहेर सिमेंट काँक्रीटची नवी वस्ती उभी राहिली आणि जुन्या गावठाणातील दगडमातीच्या वाड्यांना कुलपे लागली. पुढे हिंगोली शहरात गेले, की मोहल्ल्यांची नावे कानांवर पडतात : पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. या नावांमागची पलटण केव्हाच निघून गेली, तोफाही गेल्या. नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली.

नाव राखण्यास काही खर्च येत नाही. घर राखण्यास येतो. म्हणूनच जुन्या गावांत पुष्कळदा नावे टिकतात आणि वास्तू जमीनदोस्त होतात. त्या टिकविण्याचे काम एकट्या शासनाचे आहे, असे मानण्याचा आपला प्रघात आहे. परंतु जेथे जेथे जुनी घरे खरोखर वाचली, तेथे शासनाच्या बरोबरीने, किंबहुना काही वेळा शासनाच्या आधी, सामान्य नागरिकांचे हात कामाला लागले होते, असे दिसून येते. हे हात कसे कामाला लागले, घर पडते कशामुळे, ते सावरताना कोणत्या चुका होतात आणि आपल्या गावात ग्रामपंचायत व शाळा काय करू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिंगोलीची छावणी

हिंगोली हे निजामी राजवटीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे एक महत्त्वाचे ठाणे होते. फौज निजामाच्या नावाची, परंतु तिचे अधिकारी इंग्रज होते. १८५३ च्या तहाने तिच्या खर्चासाठी वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. औरंगाबाद, जालना व मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, ही मराठवाड्यातील इतर ठाणी होत. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन करण्यात आली आणि हिंगोलीची छावणी उठली. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला.

परसत्तेने वसविलेल्या वस्त्यांविषयी लोकांच्या मनात संमिश्र भावना असणे स्वाभाविक आहे. ज्यांनी राज्य केले त्यांची घरे आपण का सांभाळावीत, असा प्रश्न विचारला जातो. परंतु त्या इमारतींचा दगड येथल्या पाथरवटाने घडविला, लाकूड येथल्या सुताराने तासले आणि चुना येथल्या बैलांनी घाणीत मळला, हे विसरून चालणार नाही. वास्तू ही ज्याने बांधवून घेतली त्याच्याइतकीच, ज्याने ती बांधली त्याचीही आठवण असते. पाटलाचा वाडा, देशमुखांची गढी, गावची चावडी आणि छावणीतला बंगला या सर्वांना हाच न्याय लागू पडतो.

पणजीच्या फोंतेन्हासचा धडा

या दृष्टीने गोव्याची राजधानी पणजी येथील फोंतेन्हास या मोहल्ल्याचा अनुभव पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपले निवासस्थान पणजीतील आदिलशाही वाड्यात हलविले आणि १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी झाली. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, झऱ्याच्या परिसरात जी वस्ती वाढली तिला झऱ्यावरूनच फोंतेन्हास हे नाव पडले. अरुंद गल्ल्या, रस्त्याला भिडलेली घरे, लाकडी सज्जे, कौलारू छपरे आणि निळ्या, पिवळ्या, तांबूस रंगांच्या भिंती हे तिचे रूप होय. भिंती जांभ्या दगडाच्या व चुन्याच्या, तर काही जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसविलेले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर शहर वाढू लागले आणि मोक्याच्या जागेवरील ही जुनी घरे धोक्यात आली. धोका केवळ नव्या बांधकामाचा नव्हता. गोव्यातील वारसा कायद्यानुसार घरावर अनेक वारसांचा समान हक्क. त्यांतले काही मुंबईला, काही लिस्बनला, काही आखाती देशांत. घरात राहणारा भाडेकरू जुन्या, नाममात्र भाड्यावर. छपर गळू लागले, की खर्च कोणी करावयाचा हे ठरत नसे आणि वाद मिटेपर्यंत तुळया कुजत.

आपल्याकडील वाड्यांची कथा याहून वेगळी आहे काय? आजोबांनी बांधलेल्या वाड्याचे तीन भावांत वाटे होतात, पुढे त्यांच्या मुलांत आणखी वाटे पडतात. एकजण नोकरीनिमित्त पुण्याला, दुसरा नांदेडला, तिसरा गावात. ज्याच्या वाट्याच्या खणावर गळते त्याने डागडुजी करावी, अशी इतरांची समजूत असते. पाणी मात्र वाटणीपत्र वाचीत नाही. ते एका खणातून झिरपून साऱ्यांची भिंत पोखरते. जुन्या घरांचा पहिला शत्रू भाऊबंदकी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पणजीच्या विकास आराखड्यात फोंतेन्हासचा परिसर जतनक्षेत्र म्हणून दाखविण्यात आला. त्यामुळे पाडापाडीला काहीसा आळा बसला, पण नकाशावरील रेषेने छपराची गळती थांबत नाही. ते काम हाती घेण्यासाठी वास्तुविशारद, लेखक, अध्यापक व रहिवासी एकत्र आले आणि २००० साली गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुप ही स्वयंसेवी संस्था स्थापन झाली. जुन्या घरांची नोंद, मालकांशी बोलणी, दुरुस्तीविषयी मार्गदर्शन आणि आवश्यक तेथे प्रशासनापुढे गाऱ्हाणे, असे तिच्या कामाचे स्वरूप राहिले. या शतकाच्या पहिल्या दशकात तिने पणजीच्या पालिकेच्या सहकार्याने फोंतेन्हासमध्ये कलामहोत्सव भरविले. त्यासाठी निराळा मंडप घातला नाही. रहिवाशांनी आपल्या घरांची दारे उघडली आणि त्यांच्या दिवाणखान्यांत, ओसऱ्यांवर गोमंतकीय कलावंतांची चित्रे मांडण्यात आली. चित्रे पाहण्यास आलेल्या लोकांनी घरेही पाहिली. ज्या घराची त्याच्या मालकालाच अडचण वाटत होती, ते पाहण्यासाठी पाहुणे रांग लावतात, हे दृश्य कोणत्याही भाषणापेक्षा अधिक परिणामकारक ठरले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अलीकडच्या वर्षांत फोंतेन्हासमध्ये छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांची एवढी गर्दी होऊ लागली, की रहिवाशांना आपल्याच उंबरठ्यावर बसणे कठीण झाले आणि काही घरांवर छायाचित्रणास मनाई करणारे फलक लागले. वास्तू वाचली आणि तिच्यात राहणारा माणूस कंटाळून निघून गेला, तर ते जतन अपुरेच होय.

इतरत्र झालेले प्रयत्न

मलेशियातील मलाक्का हे शहर १५११ मध्ये पोर्तुगीजांच्या, १६४१ मध्ये डचांच्या आणि १८२४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. तेथील हेरेन मार्गावरील ८ क्रमांकाचे डचकालीन छोटे घर बादान वारिसान मलेशिया या स्वयंसेवी संस्थेने या शतकाच्या आरंभी सावरले. त्या घराला नव्याचा मुलामा देण्यात आला नाही. कोणती भिंत कोणत्या काळची, चुना कसा लावला, लाकडाचा कोणता भाग बदलला, हे सर्व पाहणाऱ्याला कळावे अशा रीतीने ते ठेवण्यात आले. शेजारच्या घरमालकांसाठी ते घर हीच दुरुस्तीची शाळा झाली. मलाक्का व जॉर्जटाउन या शहरांचा २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इंग्लंडमध्ये १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने पहिली वास्तू १८९६ मध्ये अवघ्या दहा पौंडांना घेतली. ती म्हणजे आल्फ्रिस्टन खेड्यातील धर्मोपदेशकाचे मोडकळीस आलेले गवताच्या छपराचे घर. आज त्या संस्थेचे काम हजारो स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

महाराष्ट्रालाही ही परंपरा नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुन्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळली. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते लोकाश्रयावरच. दिनकर केळकर यांनी कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष हलवून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. एका व्यक्तीचा ध्यास काय करू शकतो, याचे ते उदाहरण होय.

उशीर झाला तर काय होते, याचेही उदाहरण पुण्यातच आहे. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, त्या वाड्याच्या जागेचा वाद अनेक वर्षे न्यायालयात चालला. वाद मिटला तेव्हा इमारत जीर्ण झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती उतरविण्यात आली आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे काम हाती घेण्याचे ठरले. स्मारक होईल ते योग्यच होईल. परंतु ज्या पायऱ्यांवरून त्या मुली चढल्या असतील, त्या पायऱ्या पुन्हा घडविता येणार नाहीत.

घर पडते ते पाण्याने

जुने घर म्हातारपणाने पडते, ही समजूत चुकीची आहे. ते बहुधा पाण्याने पडते. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. या थराला उतार दिलेला असतो आणि पाणी पन्हळांतून बाहेर पडते. उजेडासाठी व धुरासाठी सवणे असते. पन्हळ तुंबले, सवण्याची कड फुटली किंवा माळवदाला भेग पडली, की पाणी आत शिरते. ओल लाकडाला लागली, की वाळवी येते. तुळईचे भिंतीतले टोक प्रथम कुजते आणि ते बाहेरून दिसत नाही. ज्या दिवशी खण खाली येतो, त्या दिवशी लोक म्हणतात, घर अचानक पडले. वस्तुतः ते पाच-सात पावसाळे पडतच होते.

दुसरे पाणी जमिनीतून वर चढते. घरापुढचा रस्ता दर वेळी नवे थर देऊन उंच होतो, घराचे जोते खाली जाते आणि गटाराचे पाणी पायात मुरते. मग भिंतीला लोणा लागतो, म्हणजे पाण्याबरोबर वर चढलेले क्षार पृष्ठभागावर येऊन दगडाचा व विटेचा भुगा करतात. तिसरा शत्रू पक्षी घेऊन येतो. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे वा वडाचे रोप उगवते. बोटभर असताना ते मुळासकट काढणे पाच मिनिटांचे काम असते. दहा वर्षांनी त्याच मुळ्या भिंत दुभंगतात.

यावरून जतनाचे पहिले तत्त्व निघते. मोठ्या निधीची वाट पाहण्यापेक्षा दरवर्षी मृगापूर्वी पन्हळे साफ करणे, भेगा बुजविणे, रोपे उपटणे आणि पायापासून पाणी दूर नेणे, हे अधिक मोलाचे आहे. राहत्या घराची गृहिणी पूर्वी हेच करीत असे. कुलूपबंद घरासाठी ते कोणीतरी करावयास हवे, एवढेच.

चुना आणि सिमेंट

दुरुस्तीतील सर्वांत मोठी चूक सद्हेतूनेच होते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका गावी जुनी चावडी पाहिली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तिच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता आणि वर तेलरंग दिला होता. काम नेटके होते, सर्वांना अभिमान होता. पुन्हा जाण्याचा योग आला तेव्हा गिलाव्याचे पापुद्रे सुटले होते आणि त्यांच्याबरोबर आतील विटांचे तोंडही निघून आले होते. शंभर वर्षे टिकलेली वीट थोड्याच पावसाळ्यांत विरघळली होती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली, की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरविला, वाळू किंवा सुरखी घालून घाणीत मळला आणि भिंतीत वापरला, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. ही क्रिया सावकाश होते, म्हणून चुन्याचे काम बरेच दिवस ओले ठेवावे लागते. असा चुना सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. भिंत श्वास घेते असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. शिवाय चुना दगडाहून मऊ असल्याने भिंत किंचित हलली, तर भेग चुन्याच्या सांध्यात पडते, दगडात नाही. सिमेंट कठीण व घट्ट असते. त्याच्या आड ओल कोंडते आणि मऊ विटेतून, मातीतून वाट काढते. नव्या इमारतीत सिमेंटचा जो गुण, तोच जुन्या भिंतीत दोष ठरतो.

जुने कारागीर चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा अशी द्रव्ये घालीत. त्यांचे प्रमाण चुन्यानुसार व हंगामानुसार बदले. ते पुस्तकात क्वचित आढळते. म्हाताऱ्या गवंड्याच्या हातात मात्र आढळते. असा गवंडी गावात हयात असेल, तर त्याच्या हाताखाली दोन तरुणांना बसविणे, हे एखादी भिंत सावरण्याइतकेच महत्त्वाचे काम समजले पाहिजे. दगडमातीच्या साध्या भिंतीला तर चुनाही लागत नाही. तिला मातीचाच गिलावा व वर चुन्याची सफेदी पुरते.

भूकंपाचे भान

जुन्या घरांविषयी आस्था बाळगताना माणसाचा जीव प्रथम, हे सूत्र कधीही सुटता कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचे प्रचंड वजन हे जीवितहानीचे एक मुख्य कारण होते. हिंगोली जिल्ह्यालाही हा विषय दूरचा नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणाऱ्या आवाजांची चर्चा अनेक वर्षे होत आली. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी ४.५ रिश्टर तीव्रतेचे धक्के बसले आणि त्यांचे केंद्र कळमनुरी तालुक्यातच होते. डोंगरकड्याच्या परिसरातील माणूस त्या सकाळी घराबाहेर धावला असेल, तर त्याला जुन्या वाड्याचे प्रेम शिकविण्यापूर्वी त्याच्या भीतीचे उत्तर दिले पाहिजे.

किल्लारीनंतर झालेल्या अभ्यासातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी, की या भिंती आतला व बाहेरचा अशा दोन पदरांच्या असतात आणि मध्ये माती व दगडांच्या कपच्या भरलेल्या असतात. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील, तर धक्क्याने पदर सुटतात आणि भिंत फुगून कोसळते. दुसरी गोष्ट माळवदाची. गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचा नवा थर पसरला जातो. जुना कोणी काढीत नाही. अशा रीतीने थर दोन-दोन फूट जाड होतो आणि घराच्या काळजीतूनच डोक्यावरचा भार वाढत जातो. मात्र जेथे लाकडी खांब, तुळया व त्यांचे जोड सुदृढ होते, तेथे काही घरांच्या भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याचे आढळले.

यावर उपाय आहेत. माळवदावरील अनावश्यक माती उतरविणे, खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरपे आधार देणे, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार छिद्रे पाडून जोडघटक बसविणे, कोपरे व छपराखालची पातळी आडव्या पट्ट्याने बांधणे, अशा रीतीने जुने घर पुष्कळ अंशी सुरक्षित करता येते. परंतु हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. भिंत फुगली असेल, तुळई वाकली असेल, तर प्रथम माणसे हलवावीत, टेकू द्यावेत आणि मगच पुढचा विचार करावा. घाबरून सरसकट पाडणे आणि हळवे होऊन धोक्यात राहणे, या दोन्ही टोकांपासून दूर राहावयास हवे.

स्वयंसेवकांची मर्यादा

उत्साह हे स्वयंसेवकाचे बळ असते, तसाच तो धोकाही असतो. श्रमदानाने कोणती कामे करावीत आणि कोणती करू नयेत, याची आखणी आधी व्हावी. परिसराची सफाई, झुडपे काढणे, पन्हळे व गटारे मोकळी करणे, मोजमापे घेणे, छायाचित्रे काढणे, पडलेले दगड व लाकडे क्रमांक घालून आडोशाला रचणे, वृद्धांकडून घराची माहिती टिपून घेणे, ही कामे तरुण मंडळी उत्तम रीतीने करू शकतात. भार पेलणारी भिंत, छपर, तुळया व पाया यांना मात्र जाणकाराशिवाय हात लावू नये. कोरीव लाकूड खरवडू नये, दगडावर रंग देऊ नये, नावे कोरू नयेत. कुजलेल्या लाकडाचा तेवढाच भाग कापून नवा जोड द्यावा. सबंध खांब बदलू नये. आणि जे काही केले त्याची तारीखवार नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला जुने कोणते व नवे कोणते हे कळेल.

राष्ट्रीय सेवा योजनेची विशेष शिबिरे या कामासाठी फार उपयोगी आहेत. ही योजना १९६९ पासून सुरू आहे. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. एखाद्या शिबिराने एका गावातील जुन्या घरांची नोंद पूर्ण केली, तरी ते कायम उपयोगी पडणारे काम होईल.

ग्रामपंचायत, कायदा व शाळा

राज्यघटनेच्या ५१(क) या अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा मोलाचा मानून त्याचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत सांस्कृतिक कार्य आणि सामूहिक मत्तांची देखभाल हे दोन्ही विषय आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्रीय अधिनियम आणि राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्र अधिनियम आहे. राज्य संरक्षित स्मारकांच्या देखभालीत संस्थांना सहभागी होता यावे, यासाठी २००७ साली महाराष्ट्र वैभव ही संगोपन योजना सुरू झाली. परंतु गावोगावचे बहुसंख्य वाडे, गढ्या व चावड्या कोणत्याच यादीत नाहीत. त्यांचे भवितव्य मालकाच्या इच्छेवर आणि गावाच्या जाणिवेवर अवलंबून आहे.

पंचायत सदस्यांना तीन गोष्टी सहज करता येतील. कर आकारणीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत प्रत्येक घराची नोंद असतेच. तिच्या आधारे गावातील जुन्या वास्तूंची स्वतंत्र यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. रस्त्याचे व गटाराचे काम मंजूर करताना जुन्या घरांच्या जोत्याची पातळी व पाण्याचा निचरा यांचा विचार अंदाजपत्रकातच करावा. आणि वाटेकऱ्यांचा वाद असलेल्या घराच्या बाबतीत, मालकीचा निवाडा होईपर्यंत निदान छपराची डागडुजी सर्वांच्या वर्गणीतून व्हावी, यासाठी प्रतिष्ठित मंडळींनी मध्यस्थी करावी. हक्क कोणाचाही ठरो, उभे घर मिळण्यात सर्वांचेच हित आहे.

कोरीव दरवाजे, खांब व महिरपी विकत घेणारे व्यापारी गावोगाव हिंडत असतात. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार इमारतीपासून सुटी केलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. पाडकामात गुप्तधन आढळल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, तरी बरेच अनर्थ टळतील.

शिक्षकांवर आणखी एक जबाबदारी येते. घर पडते तेव्हा त्यातील कागदही जातात. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याच्या वाड्यात सापडलेल्या व्यापारी दप्तरातून गोव्याच्या आर्थिक इतिहासावर प्रकाश पडला. नाना फडणविसांच्या मेणवली येथील वाड्यातील दप्तर आज पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात अभ्यासकांना उपलब्ध आहे. आपल्या गावच्या फडताळांतही मोडी व उर्दू कागदांचे रुमाल असू शकतात. ते रद्दीत जाऊ नयेत, ओलीपासून दूर राहावेत आणि पुराभिलेख विभागाला त्यांची माहिती मिळावी, एवढे शिक्षकाने पाहिले तरी पुष्कळ झाले. विद्यार्थ्यांना एका जुन्या घराचा आराखडा काढावयास सांगावा. ढेलज, चौक, ओसरी, सोपा, बळद हे शब्द त्यांना कळतील. त्या शब्दांबरोबर धान्य कसे साठवीत, पाहुणा कोठे थांबे, बाळंतीण कोठे असे, कोणाला उंबरठ्याच्या आत प्रवेश नव्हता, हेही कळेल. जुने घर गौरवाच्या गोष्टी सांगते, तशाच अन्यायाच्याही. दोन्ही ऐकल्या पाहिजेत.

समारोप

प्रत्येक जुने घर वाचविता येणार नाही आणि वाचवावे असेही नाही. गावाने एकत्र बसून आपल्या लेखी कोणती वास्तू महत्त्वाची हे ठरवावे. ती जतन करून तिचा उपयोग करावा : वाचनालय, अंगणवाडी, बचत गटाचे कार्यालय किंवा शेतकऱ्यांच्या बैठकीची जागा. ज्या घरात रोज चूल पेटते किंवा रोज दिवा लागतो, ते घर सहसा पडत नाही. गळती लागली तर ती त्याच दिवशी कोणाच्या तरी डोळ्यांस पडते.

हिंगोलीच्या छावणीतील फौज जाऊन शतक उलटले. पलटण आणि रिसाला ही नावे तेवढी मागे राहिली. डोंगरकडा आणि त्यासारख्या गावांत आज जी माळवदे उभी आहेत, त्यांची पुढच्या पिढीला केवळ नावे सांगावयाची की घरे दाखवावयाची, हे येत्या काही पावसाळ्यांत ठरणार आहे. मृग नक्षत्र निघण्यापूर्वी एक शिडी, एक फावडे आणि गावातील चार हात पन्हळांपर्यंत पोहोचले, तर या कामाचा आरंभ झाला असे समजावे.